पहिल्या सिलिंडरचा टॉप

पेट्रोल इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असतं तेव्हा त्याचा क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० वेळा फिरतो. इंजिन चार सिलिंडरचं असेल तर त्या एका सेकंदात १०० ठिणग्या पडाव्या लागतात, आणि प्रत्येक ठिणगी नेमक्या सिलिंडरमध्ये, नेमक्या क्षणी पडावी लागते. या वेगाला क्रँकचा एक अंश म्हणजे सेकंदाचा अठरा हजारावा भाग. जुन्या गाड्यांत हा सगळा हिशेब तांब्याएवढ्या एका यंत्राकडे असायचा. एक उभा दांडा, त्याच्यावर चार कोपऱ्यांचा कॅम, उघडझाप करणारे दोन पॉइंट, माथ्यावर गोल फिरणारा रोटर आणि वर पाच वायरी निघालेली काळी कॅप. संगणक नाही, सेन्सर नाही. याचं नाव डिस्ट्रिब्युटर.

घरी इंजिन उघडणाऱ्यांना सर्वांत जास्त धास्ती असते ती याचीच. ते हेड उतरवतात, व्हॉल्व्ह घासतात, कार्ब्युरेटरचा एकेक जेट फुंकून साफ करतात. पण डिस्ट्रिब्युटरच्या बोल्टला पाना लावताना थबकतात. बाकीचे भाग जिथून काढले तिथंच बसतात आणि काम संपतं. डिस्ट्रिब्युटर मात्र जागेवर बसला म्हणजे वेळेवर बसला असं होत नाही.

कोल्हापूरजवळच्या एका गावात, आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवून निवृत्त झालेल्या एका निदेशकांच्या परड्यात महिंद्राची जुनी पेट्रोल जीप उभी आहे. मॉडेल सीजे-३बी. अमेरिकेतल्या टोलेडोच्या विलीज कंपनीची ही गाडी तिथं १९५३ साली आली आणि १९६८ पर्यंत बनली. महिंद्रांनी मुंबईत १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू केली होती. सीजे-३बी तर अमेरिकेत बंद झाल्यावरही इथं कितीतरी वर्षं बनत राहिली. तिचं बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच दिसतं, ते आतल्या हरिकेन इंजिनामुळे. १३४ घन इंचांचं, म्हणजे साधारण २.२ लिटरचं हे इंजिन. त्याचे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे उंची वाढली आणि बॉनेटही वर उचलावं लागलं.

खेड्यापाड्यांतल्या अशा बहुतेक जीपांत पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून मालकांनी पुढे डिझेल इंजिन बसवून घेतलं. या जीपचं मूळ इंजिन टिकलं, कारण निदेशकांनी ते स्वतः राखलं. घरात त्यांना अण्णा म्हणतात. धाकटी मुलगी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. मायक्रोमीटर तिच्या हातात रोजचा. पण इंजिनाचं पूर्ण काम तिनं कधी केलं नव्हतं. गाडी तिसऱ्या सिलिंडरवर मिसिंग करू लागली, आणि गरम झाल्यावर रिकाम्या चालीवर ऑइलचा काटा खाली झुकू लागला, तेव्हा अण्णांनी ठरवलं की या वेळी पाना तिच्या हातात द्यायचा आणि आपण बाजूला स्टुलावर बसायचं.

काम दुहेरी होतं. हेड उतरवून व्हॉल्व्ह घासायचे, आणि ऑइल पंप काढून तपासायचा. डिस्ट्रिब्युटरचा प्रश्न उभा राहिला तो या दुसऱ्या कामामुळे. या इंजिनात कॅमशाफ्टवरचा तिरप्या दातांचा गियर ऑइल पंपाचा दांडा फिरवतो, आणि त्या दांड्याच्या टोकाला असलेल्या खाचेत डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याची जीभ बसते. म्हणजे डिस्ट्रिब्युटरला फिरवणारा पंपच. ही जीभ मुद्दाम मध्यापासून एका बाजूला सरकवलेली असते, त्यामुळे ती एकाच तऱ्हेनं खाचेत जाते, उलटी जातच नाही. नुसता डिस्ट्रिब्युटर काढायचा असेल तर हे इंजिन फार सोपं आहे. काढा, पुसा, रोटर हलके हलके फिरवत खाली दाबा. जीभ खाचेत टपकन बसते. पंप बाहेर आला की मात्र ही सुरक्षितता संपते.

मुलीनं बॅटरीची अर्थिंगची केबल सोडली. कॅपवरच्या वायरींना चिकटपट्टी लावून १ ते ४ आकडे घातले. कॅप उचलून रोटरचं तोंड कुठं आहे ते पाहिलं आणि त्याच्या समोर डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर खडूनं रेघ मारली. अंगाची ब्लॉकशी नेमकी जागा कळावी म्हणून सुईनं दोन्हीकडे मिळून एक बारीक खूण केली. मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो घेतले.

"अण्णा, सगळ्या खुणा झाल्या. काढू का?"

"खुणा चांगल्या केल्यास," अण्णा म्हणाले. "पण त्या बरोबर आहेत असं कशावरून?"

तिला प्रश्न कळला नाही. गाडी या क्षणापर्यंत चालत होती. आहे तसं परत बसवलं की झालं, असं कुणालाही वाटेल. अण्णांनी तिच्यापुढे जुनं सर्व्हिस मॅन्युअल उघडून ठेवलं. त्यातल्या आकृतीत कॅपच्या ज्या टॉवरमध्ये पहिल्या सिलिंडरची वायर दाखवली होती, त्या टॉवरमध्ये या गाडीत चौथ्याची वायर होती. पहिल्याची वायर बरोबर समोरच्या टॉवरमध्ये.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. या इंजिनाचा ठिणगीचा क्रम १-३-४-२. चार टॉवर गोल मांडलेले, त्यामुळे एकच्या समोर चार येतो आणि तीनच्या समोर दोन. पहिला आणि चौथा पिस्टन नेहमी एकदमच वर येतात. फरक एवढाच की एक दाब देऊन वर आलेला असतो आणि दुसरा जळका धूर बाहेर ढकलून. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्ट आणि डिस्ट्रिब्युटर एकच फेरी घेतात. त्यामुळे पुलीवरची टॉपची खूण एका पूर्ण चक्रात दोनदा समोर येते आणि त्यातली एकच वेळ पहिल्या सिलिंडरच्या ठिणगीची असते. पूर्वी कधी तरी कुठल्या तरी गॅरेजात कुणी तरी पंप बसवताना दुसरी वेळ धरली होती. डिस्ट्रिब्युटर उलटा वळवणं शक्य नव्हतं, जीभ जाऊ देत नाही. मग त्यानं चारही वायरी समोरासमोर बदलल्या आणि गाडी चालू केली.

गाडी चालते यात वाद नाही. ठिणगीला वायर कुठल्या टॉवरमधून आली याच्याशी घेणंदेणं नसतं. पण अशी दुरुस्ती पुढच्या माणसाच्या वाटेत खड्डा खणून ठेवते. तो पुस्तकाप्रमाणे पंप बसवेल, वायरी फोटोप्रमाणे लावेल, आणि मग इंजिन कार्ब्युरेटरमधून फाट् फाट् आवाज काढत बसेल. दोन्ही कामं आपापल्या जागी बिनचूक, आणि तरी गाडी बंद. अण्णांनी तिथंच निर्णय दिला: या वेळी सगळं पुस्तकाप्रमाणे.

म्हणजे केलेल्या खुणांपैकी निम्म्या निरुपयोगी झाल्या. खूण आधी काय होतं ते सांगते. ते बरोबर होतं का, हे सांगत नाही. ते सांगणारी गोष्ट इंजिनात एकच आहे: पहिला सिलिंडर दाब देऊन वर येतो ती जागा. गॅरेजच्या भाषेत पहिल्याचा टॉप. ज्याला तो स्वतः शोधता येतो, त्याच्या खुणा पुसल्या गेल्या, फोटो हरवले, आधीच्या माणसानं काहीही करून ठेवलेलं असलं, तरी त्याचं अडत नाही.

डिस्ट्रिब्युटर निघाला. त्याच्या भोकात काही पडू नये म्हणून लगेच स्वच्छ फडकं कोंबलं. एखादा वॉशर आत गेला तर खालचं ऑइलचं चेंबर उतरवावं लागतं. मग पंप, मग हेड. पंपाच्या झाकणाला आतून चर पडलेला दिसला; ऑइलचा काटा खाली जाण्याचं निदान एक कारण सापडलं. ते झाकण मुलीनं सपाट काचेवर बारीक एमरी पेपर ठेवून, ऑइलचे थेंब टाकत, चर जाईपर्यंत घासलं. हेडचा तळ सपाट करायला कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात दिला. तिथल्या वर्कशॉपांत अजून अशी कामं निगुतीनं करणारे मेस्त्री आहेत. हेड परत देताना त्यांनी ते पट्टी लावून, उजेडासमोर धरून दाखवलं.

व्हॉल्व्ह घासणं हे वेळ खाणारं, पण मन रमवणारं काम. सीटवर पेस्ट लावायची, काठीनं व्हॉल्व्ह दोन्ही तळव्यांत अर्धा अर्धा फिरवायचा, उचलून पुसायचा, करड्या रंगाची अखंड कडी उमटली का पाहायचं. मधूनमधून क्रँक फिरवून पिस्टनवरचा कार्बनही खरवडावा लागतो. क्रँक इतक्या वेळा फिरल्यावर इंजिन काढताना कुठं उभं होतं याला काही अर्थच उरत नाही. मोठ्या दुरुस्तीत हे होणारच. 'क्रँक हलवू नका' हा सल्ला छोट्या कामापुरता ठीक आहे.

हेड बसलं, नट ठरलेल्या क्रमानं आवळले गेले. आता टॉप शोधायचा.

चारही प्लग बाहेर, गियर न्यूट्रल. मुलीनं पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला आणि अण्णांनी पुढून हँडल सावकाश फिरवायला सुरुवात केली. आधी काहीच नाही. मग अंगठा थोडा आत ओढल्यासारखा झाला. व्हॉल्व्ह उघडून पिस्टन हवा आत घेत होता. मग हवेनं अंगठ्याला बाहेर ढकललं. ढकललं म्हणजे खरोखर ढकललं, दाबून धरला तरी फुस्स करून बाजूनं निसटली. "आली!" ती ओरडली. इथून पुढे नजर पुलीवर. पुलीच्या कडेला एक खाच आहे आणि टायमिंगच्या कव्हरवर तीन खुणा: टॉप, टॉपच्या आधी ५ अंश आणि १० अंश. या इंजिनात ठिणगी टॉपच्या ५ अंश आधी पडावी लागते, म्हणून खाच तिथं आणून थांबायचं. ती पुढे गेली तर नुसती मागे ओढून आणायची नाही. चांगली मागे नेऊन पुन्हा पुढे फिरवत आणायची. गियरच्या दातांमध्ये थोडी मोकळीक असते आणि इंजिन चालतं ते एकाच दिशेनं, तेव्हा मोजायचंही त्याच दिशेनं.

पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी का? पेट्रोल आणि हवेचं मिश्रण भक्‌कन एका क्षणात जळत नाही. ज्योत प्लगपासून निघून पसरत जाते आणि त्याला वेळ लागतो. दाबाचा खरा जोर पिस्टन खाली वळल्यानंतर लगेच मिळायला हवा, म्हणून सुरुवात आधी करावी लागते. वेग वाढला की ती आणखी आधी करावी लागते. त्यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन छोटी वजनं असतात, ती वेगाबरोबर बाहेर फाकतात आणि कॅमला थोडं पुढे वळवतात.

पंप बसवणं हा या कामाचा सर्वांत कसाचा भाग ठरला. पंपाचा गियर तिरप्या दातांचा, त्यामुळे तो आत सरकताना कॅमच्या गियरवरून वळतो. खाच जिथं हवी तिथं धरून पंप आत ढकलला तर बसेपर्यंत ती दुसरीकडे गेलेली असते. तेव्हा वळण किती येतं याचा अंदाज घेऊन आधी तेवढं उलट धरायचं आणि मग ढकलायचं. शिवाय पंप बसवण्याआधी त्यात ऑइल भरायचं. कोरडा पंप सुरुवातीला ऑइल ओढत नाही, आणि तेवढ्यात बेअरिंगला इजा होते. मुलगी पंप आत सरकवायची, डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून टॉर्चनं खाच कुठं आली ते बघायची, पुन्हा बाहेर काढायची. हातावरून ऑइल कोपरापर्यंत ओघळत होतं. खाच आकृतीतल्यासारखी दिसली तेव्हा अण्णा स्टुलावरून उठले आणि स्वतः वाकून पाहून आले.

डिस्ट्रिब्युटर आत गेला, रोटर थोडा फिरवला, जीभ खाचेत उतरली. रोटरचं तोंड आता पुस्तकातल्या पहिल्या टॉवरकडे होतं.

यानंतर पॉइंटची गॅप. इथं क्रम फार महत्त्वाचा आहे आणि पुष्कळजण तो चुकवतात: आधी गॅप, मग टायमिंग. पॉइंट कॅमच्या कोपऱ्यानं उघडतात. गॅप कमी केली तर ते उशिरा उघडतात, जास्त केली तर लवकर. म्हणजे गॅपला हात लावला की टायमिंगही हललं. या डिस्ट्रिब्युटरला ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर गॅप लागते. फीलर गेजचं पान ओढताना किंचित अडखळलं पाहिजे. फार घट्टही नको आणि सैलही नको. हे मुलीच्या रोजच्या सवयीचं काम, तिला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

टायमिंग लावलं बारा व्होल्टच्या साध्या बल्बवर. बल्बची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटकडे जाणाऱ्या जोडावर, दुसरी इंजिनाच्या लोखंडावर, आणि इग्निशनची चावी चालू. पॉइंट मिटलेले असतात तोवर करंट त्यांच्यातूनच जातो आणि बल्ब विझलेला राहतो. पॉइंट उघडले की बल्ब पेटतो. तोच ठिणगीचा क्षण. या इंजिनाचा रोटर घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतो. म्हणून डिस्ट्रिब्युटरचं अंग आधी उलट वळवून बल्ब विझवायचा, मग काट्याच्या दिशेनं केसाकेसानं वळवत आणायचं. बल्ब लागला तिथं थांबायचं, बोल्ट आवळायचा. आवळताना अंग पुन्हा हलतं, म्हणून परत एकदा तपासायचं. या साध्या बल्बवर कितीतरी लोकांचा विश्वास बसत नाही, पण योग्य वापरला तर तो गाडी चालू होईल आणि नीट चालेल इतकं टायमिंग नक्की देतो.

वायरी घातल्या त्या पुस्तकाप्रमाणे, घड्याळाच्या उलट दिशेनं १-३-४-२. पहिला स्टार्टर मुलीनं मारला. इंजिन उचललं, थोडं खाकरलं आणि एका चालीवर आलं. दोघांनीही आधी आवाजाकडे लक्ष दिलं नाही. दोघांची नजर ऑइलच्या काट्यावर होती. तो वर चढला तेव्हा अण्णा म्हणाले, "आता ऐकू या." खरी परीक्षा पन्हाळ्याच्या चढावर झाली. टॉप गियरमध्ये जोर दिल्यावर धातूवर खडे पडावेत तसा हलका आवाज आला, म्हणजे ठिणगी किंचित लवकर पडत होती. वर पोचल्यावर बोल्ट ढिला करून डिस्ट्रिब्युटर अगदी थोडा मागे घेतला. उतरल्यावर पुन्हा चढून पाहिलं, आवाज गेला होता.

सगळ्याच गाड्यांत हे एकसारखं नसतं, आणि घरी काम करणाऱ्यानं आपली गाडी कुठल्या जातीची ते आधी पाहावं. ॲम्बॅसडरच्या १४८९ सीसीच्या जुन्या पेट्रोल इंजिनात डिस्ट्रिब्युटरचा दांडा वेगळ्या मधल्या दांड्यावर बसतो आणि तिथंही जीभ एका बाजूला सरकवलेली असते. मधला दांडा हलवला नाही तर डिस्ट्रिब्युटर निर्धास्त काढावा. शेव्हरोलेच्या १९५५ साली आलेल्या आठ सिलिंडरच्या इंजिनात तिरप्या दातांचा गियर डिस्ट्रिब्युटरच्याच दांड्यावर असतो. तो वर उचलताना रोटर वळतो, म्हणून दोन खुणा कराव्या लागतात: सुटण्यापूर्वी रोटर कुठं होता आणि सुटल्यावर कुठं आला. बसवताना दुसऱ्या खुणेवरून सुरुवात करायची. तिथं डिस्ट्रिब्युटरच ऑइल पंपाला फिरवतो, जीपच्या बरोबर उलट. आणि बसताना पंपाचा दांडा जुळला नाही तर लांब स्क्रू ड्रायव्हर घालून तो वळवावा लागतो.

पॉइंट उघडून ठिणगी पाडण्याच्या या पद्धतीची मूळ मांडणी चार्ल्स केटरिंग यांची. एडवर्ड डीड्स यांच्याबरोबर त्यांनी १९०९ साली ओहायो राज्यातल्या डेटनमध्ये डेल्को ही प्रयोगशाळा-कंपनी काढली. जीपचं टोलेडोही त्याच राज्यातलं. पॉइंट, कॉइल आणि कंडेन्सर यांची ही जोडणी त्यानंतर साठ-सत्तर वर्षं जगभरच्या पेट्रोल गाड्यांत राहिली. भारतात २००० साली प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले, इंधन इंजेक्शन आलं आणि हळूहळू प्रत्येक प्लगला स्वतःची कॉइल मिळाली. ठिणगीची वेळ आता क्रँकजवळचा सेन्सर मोजतो. हे चांगलंच झालं. पेट्रोल वाचतं, धूर कमी होतो, आणि गगनबावड्याच्या पावसात ओढा ओलांडताना पंख्यानं उडवलेलं पाणी डिस्ट्रिब्युटरवर बसून गाडी पाण्यातच बंद पडत नाही. जुने ड्रायव्हर पाण्यात शिरण्याआधी फॅनबेल्ट काढून ठेवत आणि कॅपवर सायकलच्या ट्यूबचं रबर बांधत. त्या त्रासाची आठवण कुणी गोड करून सांगू नये.

पण पिस्टन, व्हॉल्व्ह आणि ठिणगी यांचं नातं नव्या इंजिनातही तेच आहे. टायमिंग बेल्ट बदलताना आजही पहिल्याचा टॉपच शोधावा लागतो. आयटीआयच्या वर्कशॉपात डिस्ट्रिब्युटरचं एक तरी चालू इंजिन ठेवायला हवं, असं अण्णा आग्रहानं सांगतात. ते बरोबर आहे, कारण ही वेळ डोळ्यांनी दिसते आणि हातानं बदलता येते ती याच यंत्रात.

ज्यांच्या दारात अजून जुनी पेट्रोल जीप, फियाट किंवा ॲम्बॅसडर आहे त्यांनी एवढं करावं. डिस्ट्रिब्युटर काढू नका. हँडब्रेक ओढा, गियर न्यूट्रलमध्ये ठेवा, बॅटरीची केबल सोडा, प्लग काढा आणि पहिल्या भोकावर अंगठा धरून दुसऱ्या कुणाला तरी हँडल फिरवायला सांगा. हँडल नसेल तर पुलीच्या नटाला पाना लावा. हवा अंगठा ढकलेल तेव्हा पुलीवरची खूण बघा, मग कॅप उचलून रोटर कुठल्या वायरीकडे तोंड करून उभा आहे ते बघा, आणि ते बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवा.